स्पोर्ट्स कार गरम झाली की बंद पडते, थंड झाली की ठणठणीत. आणि डीलर ४०० किलोमीटरवर

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे ज्याची गाडी असंच करते आहे त्याला लगेच ओळख पटेल. सकाळी गाडी थंड असताना सगळं उत्तम. तासभर पळवली, मग गर्दीत अडकली, एसी चालू आहे, रेडिएटरचे दोन्ही पंखे फिरतायत, आणि अचानक डॅशबोर्डवर दिव्यांची रांग लागते: गिअरबॉक्स, एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंग. गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे स्वतःला जपायला ताकद कमी करून, चालू लागते. वरचे गिअर पडत नाहीत आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ लागत नाही. बंद करून पुन्हा स्टार्ट करायला गेलं तर स्टार्टर जड फिरतो, किंवा नुसतं टक् होऊन थांबतो. पाऊण तास थांबलं की सगळे दिवे गेलेले असतात आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते.

माझ्या दोन सीटच्या गाडीने, जिचं इंजिन सीटच्या मागे बसवलेलं आहे, दीड वर्षात हे तीन वेळा केलं. तिन्ही वेळा डीलरचं वर्कशॉप ४०० किलोमीटरच्या आसपास होतं. पहिल्या दोन वेळा गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालून तिथे पोचवली. पोचेपर्यंत ती थंड झालेली असायची. त्यांनी स्कॅनर लावला, गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड पुसले, दोन फेऱ्या मारल्या आणि जॉबकार्डवर लिहिलं, "दोष आढळला नाही." दुसऱ्या वेळी गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, म्हणजे तो चालवणारा छोटा संगणक, बदलून बघू, असा सल्लाही मिळाला. तो मानला असता तर एक चांगला भाग निघून तसाच दुसरा बसला असता आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली असती. तिसऱ्या वेळी दोष रस्त्याच्या कडेलाच सापडला. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची पट्टी, एका बोल्टाखाली गंजलेली.

या अनुभवातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे आणि ती सांगायलाच हे लिहितोय. येऊन-जाऊन असणारा दोष वर्कशॉपमध्ये सापडत नाही, कारण तिथे तो हजर नसतो. तो हजर असतो तेव्हा गाडीपाशी फक्त आपण असतो. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली वीस मिनिटं निदानासाठी सोन्यासारखी आहेत. तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली नाही तरी चालेल, पण मोजमाप व्हायलाच हवं.

इंजिन लगेच बंद करायचं की चालू ठेवायचं

गाडी सुरक्षित जागी घेऊन हॅझर्ड दिवे लावा, सोबतच्यांना उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं करा. पुढचं सगळं त्यानंतर.

व्होल्टेज मोजायचं तर इंजिन चालू असायला हवं, पण चार बाबतींत ते क्षणात बंद करायचं. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर. पेट्रोलचा वास आला किंवा धूर दिसला तर. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर. हा दिवा स्थिर असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा इंजिन मिसिंग करत असतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून आतून वितळू शकतो. ठिणगी देणारी एक कॉइल बदलून भागणारं काम त्यामुळे फार मोठं होऊन बसतं.

धूर येत असेल तर इंजिनाचं झाकण सताड उघडू नका. आत हवा शिरली की धुमसणारं पेट घेतं. हायब्रिड गाडी असेल, म्हणजे फेरारी एसएफ९० किंवा मॅकलारेन आर्टुरासारखी, तर नारिंगी रंगाच्या केबलना कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. या लेखातली सगळी मोजमापं साध्या १२ व्होल्टच्या बाजूची आहेत.

या चारपैकी काही नसेल आणि नुसतीच दिव्यांची रांग लागली असेल, तर इंजिन चालू ठेवा. आणि गाडीचं नाक वर उचलण्याची सोय असेल तर ते आत्ताच उचलून ठेवा. बॅटरी गेल्यावर ते उचलता येत नाही, आणि मग फ्लॅटबेडवर चढवताना पुढचा बंपर घासतो. मी पहिल्या वेळी हे केलं नाही. बंपरच्या खालच्या ओठावरचा तो ओरखडा अजून आहे.

बॅटरीवर मीटर

साधा मल्टिमीटर पुरे. डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल काडी बॅटरीच्या प्लसवर, काळी मायनसवर. काडी केबलच्या पट्ट्यावर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायची, म्हणजे पट्टा सैल असेल तर तोही पकडता येतो.

इंजिन बंद असताना, गाडी थोडा वेळ शांत उभी राहिल्यावर, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२.० च्या खाली म्हणजे ती रिकामी होत आली. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतोय. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवा. नव्या गाड्यांत आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, संगणकाच्या ताब्यात असतो आणि बॅटरी भरली की तो मुद्दाम कमी देतो. म्हणून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा पूर्ण चालू करून बघायचं. भार टाकल्यावर आकडा सावरला तर आल्टरनेटर ठीक आहे.

काही स्पोर्ट्स कारमध्ये वजन वाचवायला लिथियमची हलकी बॅटरी असते. तिला वरचे आकडे लागू होत नाहीत. ती शांत असताना १३ च्या वरच असते, आणि १२.६ दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आपल्या गाडीत कोणती आहे हे घरीच बघून ठेवावं.

तिसऱ्या वेळी मी हे केलं तेव्हा इंजिन चालू, पंखे चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरवर १२.३. म्हणजे बॅटरी चार्ज होत नव्हती, उलट हळूहळू उपसली जात होती. पहिला विचार साहजिकच आल्टरनेटरचा आला. बेल्ट बघितला, जागेवर होता, ताठ होता. माझ्या गाडीत इंजिनाचं झाकण उघडल्यावर आल्टरनेटरचा मागचा जाड टर्मिनल वरून दिसतो. लाल काडी त्या टर्मिनलवर आणि काळी आल्टरनेटरच्याच अंगावर टेकवली: १४.१. काड्या फिरत्या बेल्टपासून आणि गरम पाइपांपासून लांब ठेवायच्या, सैल बाही किंवा ओढणी असली तर आधी आवरायची. आणि लाल काडीचं टोक टर्मिनलवरून घसरून कुठल्याही धातूला टेकता कामा नये, ठिणगी पडते.

आल्टरनेटर १४.१ देतोय आणि बॅटरीला १२.३ मिळतायत. मधले १.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होत होते.

वाटेत गळणारे व्होल्ट

इथे थोडं थांबून समजावून सांगतो, कारण हा भाग कळला की पुढचं सगळं सोपं होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा तो अवजड गोळा विजेच्या दृष्टीने गाडीपासून सुटा असतो, आणि त्याला चॅसीशी जोडते ती एक किंवा दोन विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या. स्टार्टरचा सगळा करंट, आल्टरनेटरचा सगळा करंट त्याच वाटेने परत येतो. इंजिन मागे आणि बॅटरी पुढे असलेल्या गाडीत तर चॅसीची संपूर्ण लांबी त्या वाटेत येते. त्या पट्टीच्या टोकाशी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर गंज धरला की रोध वाढतो. थंड असताना बोल्ट कसाबसा संपर्क ठेवतो. तापलं, धातू फुगले, थरथर वाढली, की संपर्क सुटत जातो. म्हणून दोष गाडी गरम असतानाच दिसतो.

किती रोध? समजा ८५ अँपिअर वाहतायत आणि १.७ व्होल्ट पडतायत, तर रोध होतो ०.०२ ओहम. एवढ्याशा रोधाने गाडी लंगडते. खरी अडचण अशी की साध्या मीटरच्या काड्यांचाच रोध याच्या दहापट असतो. मीटर ओहमवर ठेवून पट्टी तपासली तर ती ठणठणीतच दिसणार. माझी खात्री आहे की वर्कशॉपमध्ये नेमकं हेच झालं असावं. अर्थची पट्टी ओहमने तपासायची नसते. करंट वाहत असताना तिच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजायचे असतात.

ते असं करायचं. इंजिन चालू, सगळे दिवे-पंखे चालू. एक काडी बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, उदाहरणार्थ इंजिन उचलायच्या कडीवर. रंग लावलेल्या जागी टेकवू नका. निरोगी गाडीत आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहतो. स्टार्टर फिरताना क्षणभर ०.२ पर्यंत गेला तरी चालतं, इंजिन लांब असलेल्या गाडीत किंचित जास्त. बॅटरी पुढे आणि इंजिन मागे असेल तर काडी पोचत नाही. त्यासाठी मी चार मीटर साधी वायर, दोन्ही टोकांना चिमटे लावून, गाडीत ठेवतो.

माझ्या गाडीत आकडा आला १.७. उरलेला ०.१ प्लसच्या लांब केबलवर पडत होता, तो ठीक आहे.

मग चाचणी. जंप स्टार्टच्या केबलपैकी काळी केबल घेतली, एक टोक इंजिन उचलायच्या कडीला आणि दुसरं चॅसीवरच्या अर्थच्या बोल्टला लावलं. बॅटरीवरचा आकडा १२.३ वरून १३.९ वर गेला. पंख्यांचा आवाज एकदम भरला, हेडलाइटचा प्रकाश पांढरा झाला. इतक्या महिन्यांचा दोष त्या एका काळ्या केबलने दाखवून दिला. माझे हात खरोखर थरथरत होते.

ही केबल म्हणजे दुसरी अर्थची पट्टीच झाली. सायलेन्सर आणि बेल्टपासून लांब नेऊन घट्ट बांधता आली तर तिच्यावर हळू गाडी चालवत जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाता येतं. मला तशी वेळ आली नाही, कारण तोवर फ्लॅटबेड येऊन पोचली होती. गाडी तिच्यावर चढवून चाकं बांधली तेव्हा गाडीचा तळ माझ्या छातीच्या उंचीवर आला. एरवी त्या गाडीखाली हातसुद्धा जात नाही. बाजूने टॉर्च मारला तर मागच्या चाकाच्या आतून, खालच्या पत्र्याच्या फटीतून, गिअरबॉक्सवरून चॅसीकडे जाणारी पट्टी दिसली. तांब्यावर हिरवा चट्टा, आणि बोल्टाभोवती पांढरी भुकटी. फ्लॅटबेडच्या चालकाने विचारलं, "दादा, पॉलिश पेपर देऊ का?" त्याच्या पेटीत होता.

बॅटरीची मायनस आधी सोडवली, अर्धा तास सगळं निवू दिलं, मग बोल्ट काढला. पट्टीचा डोळा आणि गिअरबॉक्सचं अंग दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट परत आवळला. बॅटरी जोडून, इंजिन सुरू करून पुन्हा मोजलं: ०.०६ व्होल्ट. गाडी खाली उतरवली आणि चालवत घरी आणली. पट्टी पुढे बदलली, कारण विणलेल्या तांब्याच्या आतपर्यंत गेलेला गंज घासून जात नाही.

कोड काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

गाडीत ओबीडीचं, म्हणजे दोषांचे कोड वाचायचं, सॉकेट असतं, बहुधा स्टिअरिंगच्या खाली. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीला छोटा रीडर आणि फोन पुरतो. उत्पादकाचे स्वतःचे कोड त्यात सगळे दिसत नाहीत, पण रस्त्यावर दिशा कळायला जेवढं लागतं तेवढं दिसतं.

पी०३०० म्हणजे इंजिन सरसकट मिसिंग करतंय. पी०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, बहुतेक वेळा कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरकडून (इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय हे कळवणारा भाग) संकेत येत नाही, आणि गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत हा दुसरा नेहमीचा संशयित. त्यात मात्र स्टार्टर जोरात फिरतो, फक्त इंजिन सुरू होत नाही. स्टार्टर जड की जोरदार, हा फरक लक्षात ठेवा. तो अर्ध्याहून अधिक निदान करून टाकतो.

पी०५६२ म्हणजे यंत्रणेचं व्होल्टेज कमी. आणि 'यू' ने सुरू होणारे कोड, यू०१००, यू०१०१, यू०१२१ वगैरे, म्हणजे एका युनिटचा दुसऱ्याशी संपर्क तुटला. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस अशी तीन-चार युनिटं एकाच मिनिटात बोलेनाशी झाली तर ती सगळी एकदम बिघडलेली नसतात. त्यांना पुरेसे व्होल्ट मिळत नसतात. ज्या यादीमुळे मला गिअरबॉक्सचं युनिट बदलायचा सल्ला मिळाला, तिच्यात पी०५६२ सर्वांत खाली होता. तो कोणी वाचला नाही.

कोड पुसण्याआधी त्यांचे फोटो काढा. रीडरमध्ये फ्रीझ फ्रेम म्हणून एक पान असतं, दोष नोंदला गेला त्या क्षणीचं तापमान, वेग, आरपीएम त्यात असतं, त्याचाही फोटो घ्या. आणि हे बॅटरी सोडवण्याच्या आधी करा, कारण बॅटरी सोडवली की अनेक गाड्यांत या नोंदी पुसल्या जातात.

बॅटरी पार मेली आणि झाकण उघडेना

हे खूप जणांना गाठतं, विशेषतः महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाड्यांत. बॅटरी पुढच्या डिक्कीत, आणि डिक्कीचं कुलूप विजेवर चालणारं. पोर्शेच्या ९११, बॉक्स्टर, केमन यांच्या ९९७-९८७ आणि ९९१-९८१ या पिढ्यांत पुढच्या सीटसमोर पायाशी फ्यूजची पेटी असते. तिच्यात बाहेर ओढता येणारा एक प्लस टर्मिनल आहे. त्यावर दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या कडीच्या धातूवर मायनस लावला की डिक्की उघडण्यापुरती वीज मिळते. अलार्म वाजू शकतो, दचकू नका. ही जोडणी झाकण उघडण्यासाठीच आहे, तिच्यावरून इंजिन सुरू करायला जाऊ नका. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सी६ आणि सी७ पिढीत दारं विजेवर उघडतात, आणि वीज गेली तर आतून उघडायला सीटशेजारी खाली, जमिनीलगत ओढायची मूठ आहे. आत अडकल्यावर ती शोधायची वेळ येऊ नये, आजच हात लावून बघा.

दाराच्या काचेला चौकट नसेल तर आणखी एक काळजी. अशा गाड्यांत दार उघडताना काच आपोआप थोडी खाली जाते आणि दार लागल्यावर वर येऊन रबरात बसते. बॅटरी नसताना ती खाली जात नाही. दार आपटून लावलं तर काच वरच्या कडेवर आदळते.

जंप स्टार्ट करताना मायनसची केबल बॅटरीच्या मायनसवर न लावता उत्पादकाने दिलेल्या अर्थच्या खुंटावर लावावी. नव्या गाड्यांत मायनसच्या पट्ट्यावर बॅटरी मोजणारा सेन्सर असतो आणि करंट त्याच्यामधून जायला हवा.

तापमान चढलं असेल तर

ज्या गाडीचं इंजिन मागे असतं आणि रेडिएटर पुढे, तिच्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गाडीची पूर्ण लांबी जाऊन परत येतं. ९११ मध्ये ९९६ पिढीपासून, म्हणजे इंजिन पाण्यावर थंड होऊ लागल्यापासून, रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि तिथल्या जाळ्यांतून वाळलेली पानं आत साठतात. हायवेवर तापमान ठीक आणि गर्दीत चढतं, असं असेल तर आधी तिथे टॉर्च मारा. पंखे फिरतायत का तेही कान देऊन ऐका.

गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाईत लोक उघडतात. आतला दाब कूलंटला उकळू देत नसतो. झाकण सैल होताच ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं. तासभर तरी थांबा.

पातळी कमी असेल आणि गळती किरकोळ असेल तर साधं पाणी घालून जवळपास जाता येतं, पण लांब पाइपांच्या या गाड्यांत हवा अडकते. ओळखायची खूण अशी: काटा चढलेला आहे आणि हीटर मात्र थंड हवा फेकतोय. कधी काटा अचानक खाली पडतो, कारण सेन्सरभोवती कूलंटच उरलेलं नसतं. तो खाली पडला म्हणून पुढे निघू नका. अशा वेळी गाडी फ्लॅटबेडवरच घालावी.

ऑइलबद्दल एकच. ड्राय संप असलेल्या इंजिनात ऑइल वेगळ्या टाकीत असतं, आणि बऱ्याच गाड्यांत पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच खरी दिसते. थंड, बंद इंजिनात बघून "ऑइल कमी आहे" म्हणून ओतलं तर ते जास्त होतं. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये बघून फोटो काढून ठेवा.

टायर

बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा रुंद असल्याने एका स्टेपनीने भागलंही नसतं. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतो. सीलंटची, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली खिळ्याच्या भोकाला चालते, बाजूची भिंत फाटली असेल तर नाही, आणि बाटलीवर मुदतीची तारीख असते. चाक मधल्या एकाच मोठ्या नटाने लावलेलं असेल, जसं ९९१ पिढीच्या ९११ जीटी३ ला, तर तो नट ६०० न्यूटन मीटरने आवळायचा असतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला ते चाक काढायला देऊ नका.

फ्लॅटबेड मागवताना

फोनवरच सांगा: गाडी बुटकी आहे, तळ जमिनीलगत आहे, फ्लॅटबेडच हवी, लाकडी फळ्या हव्यात, पट्टे चाकांवरून बांधायचे आहेत. सस्पेन्शनच्या दांड्यांना हूक लावून ओढलं तर चाकांचं अलाइनमेंट जातं. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये येत नसेल किंवा इलेक्ट्रिक हँडब्रेक अडकला असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे ते चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या आणतील. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ द्यायची नाही. ओढायचा हूक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरच्या झाकणामागे आवळावा लागतो. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. घरी एकदा लावून बघितलं असेल तर अंधारात जबरदस्ती करून आटे खराब होत नाहीत.

वर्कशॉपला काय पाठवायचं

"गाडी बंद पडते, बघा" असं सांगितलं की "दोष आढळला नाही" असं उत्तर येतं. तिसऱ्या वेळेनंतर मी पट्टी बदलून घ्यायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी हा निरोप पाठवला:

"इंजिन गरम, भार पूर्ण, बॅटरीवर १२.३ व्होल्ट. त्याच क्षणी आल्टरनेटरवर १४.१. इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस १.७. जंपर केबलने इंजिन आणि चॅसी जोडल्यावर बॅटरीवर १३.९. गिअरबॉक्सकडची अर्थची पट्टी साफ केल्यावर ०.०६. कोडचे आणि मीटरचे फोटो सोबत. पट्टी नवी लावावी, चॅसीकडचं टोकही साफ करावं, आणि इंजिन गरम असताना, भार टाकून मोजलेला आकडा जॉबकार्डवर लिहावा."

या वेळी कोणी कंट्रोल युनिटचं नाव काढलं नाही. मुख्य मेकॅनिक स्वतः मीटर घेऊन आला, गाडी गरम करून मोजली आणि ०.०४ हा आकडा पेनने लिहिला. त्याने चॅसीकडच्या बोल्टाखालचा रंगही खरवडून काढला, तो मला रस्त्यावर दिसलाच नव्हता. जुनी पट्टी मागून घेतली. गाडी अजून वॉरंटीत असलेल्यांनी तर ती जरूर मागावी, आणि रस्त्यात कोणी काही उघडलं असेल तर त्याची तारीख आणि फोटो ठेवावेत.

डीलर नसलेल्या गावी कोणाला हात लावू द्यायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं मत असं की बॅटरी, अर्थ, फ्यूज, रिले, बेल्ट, होजची क्लिप एवढं कोणताही हुशार ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅनिक उत्तम करतो, आणि मीटर भारावर लावायची सवय त्याला जास्त असते. ड्युअल क्लच गिअरबॉक्स, एअरबॅग आणि हायब्रिडची वायरिंग मात्र त्याला उघडायला देऊ नये.

माझ्या गाडीत आता एका कापडी पिशवीत मल्टिमीटर, ओबीडी रीडर, जाड जंपर केबल, ती चार मीटरची वायर, १० आणि १३ चा पाना, पॉलिश पेपर, टॉर्च आणि चाकाच्या कुलपी नटाची चावी असते. ही चावी विसरली तर पंक्चरवालासुद्धा काही करू शकत नाही. दर सर्व्हिसच्या आधी मी इंजिन गरम करून ब्लॉक ते मायनस मोजतो आणि आकडा डायरीत लिहितो. गेल्या चार नोंदी: ०.०४, ०.०४, ०.०५, ०.०५. ०.१ च्या जवळ गेला की दोन्ही बोल्ट पुन्हा उघडून साफ करणार आहे.